डिझेल टाकीच्या झाकणाआडचा हिशेब

विशेष प्रतिनिधी

मालमोटार खरेदी करताना इंजिनाची ताकद, चेसिसची मजबुती, टायरांची अवस्था आणि विम्याचा हप्ता यांची कसून चौकशी होते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाकडे मात्र सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते हरवले तर टाकीच्या तोंडात चिंधी कोंबली जाते, मोडले तर जवळच्या गॅरेजमध्ये मिळेल ते बसवून घेतले जाते आणि गाडी पुढे निघते. काही शे रुपयांची ही वस्तू आज मालवाहतुकीच्या एका जुनाट दुखण्याच्या केंद्रस्थानी आली आहे. रात्री महामार्गावर उभ्या केलेल्या मालमोटारींच्या टाक्या रिकाम्या करण्याचे प्रकार नवे नाहीत. परंतु इंधनाचे वाढलेले दर, भारत स्टेज-६ श्रेणीची नाजूक इंजिने आणि जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे यांमुळे या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. त्यावर 'मजबूत कुलपाचे झाकण बसवा' एवढेच उत्तर दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे. काही वेळा तर धोक्याचेही आहे.

पन्नास लिटरची किंमत

जड मालमोटारीच्या टाकीत साधारणपणे ३०० ते ४०० लिटर डिझेल मावते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले, त्या वेळी दिल्लीत लिटरचा भाव ५५ रुपये ६० पैसे होता. जून २०१७ पासून दर रोज ठरू लागले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. पुढे करकपातीमुळे भाव खाली आला, तरी २०२४ च्या उत्तरार्धात मुंबईत तो नव्वद रुपयांच्या आसपास होता. या भावाने ३५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे सुमारे साडेएकतीस हजार रुपये. बहुतेक चालकांच्या महिन्याच्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी आहे आणि ती रात्रभर रस्त्याच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एका झाकणाच्या भरवशावर उभी असते.

चोरी सहसा पूर्ण टाकीची होत नाही. पन्नास-साठ लिटर काढून घेतले तर चालकाच्या ते लगेच लक्षात येत नाही. आले तरी पंपावर डिझेल कमी भरले गेले की वाटेत खर्ची पडले, याचा उलगडा होत नाही. पूर्ण भाराची मालमोटार लिटरमागे साडेतीन ते चार किलोमीटर धावते, असे धरले तर पन्नास लिटर म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरहून अधिक अंतर. मुंबईहून निघालेली गाडी नाशिक गाठेल एवढे इंधन. एका खेपेच्या नफ्यातून साडेचार हजार रुपये असे वजा झाले, तर एकदोन गाड्यांच्या मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

चोरीला वेळही फार लागत नाही. पूर्वी नळी टाकून तोंडाने ओढून डिझेल काढले जाई. आता बॅटरीवर चालणारे छोटे पंप सहज मिळतात आणि त्यांतील अनेकांची क्षमता मिनिटाला ४० लिटरपर्यंत असते. म्हणजे पन्नास लिटरला दीड मिनिटही लागत नाही. झाकण उघडायला किती वेळ लागतो, यावरच मग सारे अवलंबून राहते.

जिथे गाडी थांबते तिथे

चालत्या गाडीतून डिझेल चोरीला जात नाही. त्यामुळे हा प्रश्न मुळात थांब्यांचा आहे. न्हावा-शेवा बंदराबाहेर कंटेनरच्या प्रतीक्षेत उभे असलेले ट्रेलर, कळंबोलीचा पोलाद बाजार, भिवंडीतील गोदामांबाहेरच्या रांगा, हंगामात साखर कारखान्यांच्या आवारात ताटकळणाऱ्या उसाच्या गाड्या अशा ठिकाणी मालमोटारी तासन् तास आणि कधी दिवसेंदिवस उभ्या असतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीला मिळाला. रस्ता आधी झाला. विश्रांतीच्या आणि वाहनतळाच्या सोयी मात्र मागे राहिल्या. झोप अनावर झालेल्या चालकाने गाडी कडेला घेतली, तर तिथे ना दिवा, ना पहारा, ना आसपास वस्ती.

आणखी एका बदलाची नोंद घ्यावयास हवी. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या चालक कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चालकांच्या आरोग्याच्या आणि रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण आजवर खिडकी उघडी ठेवून, एक कान बाहेर लावून झोपणारा चालक आता बंद काचेआड झोपणार आहे. टाकीपाशी झालेली खुडबूड त्याला पूर्वीइतकी सहज ऐकू येणार नाही. जी राखण आजवर माणसाच्या कानावर सोपवली होती, ती आता झाकणावर येऊन पडली आहे.

झाकणाची तीन कामे

या भीतीपोटी झाकणाचा विचार केवळ कुलूप म्हणून होऊ लागला आणि इथेच घोटाळा झाला. टाकीच्या झाकणाला तीन कामे करावी लागतात. इंधन बाहेर जाऊ द्यायचे नाही, हे पहिले. पाणी आणि धूळ आत येऊ द्यायची नाही, हे दुसरे. टाकीला श्वास घेऊ द्यायचा, हे तिसरे. यांपैकी पहिल्याकडेच सर्वांचे लक्ष असते आणि तिसरे तर अनेकांच्या गावीही नसते.

इंजिन डिझेल ओढून घेते तसतशी टाकीत रिकामी जागा वाढते आणि ती भरून काढण्यासाठी बाहेरची हवा आत यावी लागते. काही गाड्यांत त्यासाठी टाकीला वेगळी नळी असते, तर अनेक गाड्यांत ही सोय झाकणातच एका लहानशा झडपेच्या रूपाने केलेली असते. तिथे श्वासाचे छिद्र नसलेले झाकण बसवले, की टाकीत पोकळी तयार होऊ लागते. या पोकळीचा जोर किती असतो? टाकीची बाजू एक मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच आहे, असे समजू. आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा फक्त विसाव्या भागाने कमी झाला, तरी त्या एका पत्र्यावर बाहेरून सुमारे अडीचशे किलोचा भार पडतो. पत्रा आत चेपतो, सांधे ताणले जातात आणि इंजिनाला डिझेल कमी पडून घाटात गाडीचा जोर जातो. फिल्टर बदलले जातात, पंप उघडला जातो आणि दोष मात्र झाकणात असतो. झाकण उघडताना हवा जोराने आत खेचल्याचा आवाज येत असेल आणि त्यानंतर गाडी काही काळ नीट चालत असेल, तर निदान करायला वेगळ्या मिस्त्रीची गरज नाही.

याच्या उलट बाजूही आहे. उन्हात डिझेल प्रसरण पावते. तापमान वीस अंशांनी वाढले, तर ३५० लिटर डिझेलचे आकारमान साडेपाच ते सहा लिटरनी वाढते. पहाटे काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात उभी राहिली, की हे जादा डिझेल वाट शोधते आणि झाकणाखालून पाझरते. टाकीत निदान पाच टक्के जागा मोकळी ठेवावी, हा साधा नियम पंपावर 'फुल्ल करा' म्हणताना विसरला जातो.

धूळ-पाण्याचा मुद्दा भारत स्टेज-६ नंतर अधिक गंभीर झाला आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या या मानकांच्या इंजिनांत डिझेल अतिशय उच्च दाबाने, अनेकदा वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पटींनी, फवारले जाते. इंजेक्टरमधील सरकत्या भागांतील फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशाएवढी असते. खडी क्रशरवर चालणाऱ्या टिपरच्या टाकीत झाकणातून शिरलेली दगडाची भुकटी किंवा कोकणातील पावसात झिरपलेले पाणी फिल्टरवर ताण आणते आणि फिल्टरने हात टेकले की इंजेक्टर खराब होतात. जुनी यांत्रिक पंपाची इंजिने असले डिझेल कुरकुरत का होईना, पचवत होती. नवी इंजिने पचवत नाहीत. सैल वायसर ही आता किरकोळ बाब राहिलेली नाही.

निवड कशी करावी

झाकण निवडताना सुरुवात मापापासून व्हावी. टाकीच्या मानेचा आतील व बाहेरील व्यास, झाकण आट्यांचे आहे की पाव फेरीत खाचेत बसणाऱ्या कानांचे आहे आणि कान बसण्याच्या कडेची खोली किती, या तीन गोष्टी व्हर्नियरने मोजून घ्याव्यात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत माने वेगवेगळ्या असू शकतात. 'सगळ्यांना बसते' असे सांगून विकले जाणारे झाकण बहुधा कोणालाच नीट बसत नाही. जुने झाकण दुकानात सोबत नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

त्यानंतर श्वासाची चौकशी करावी. मूळ झाकणात झडप होती का, हे आधी पाहावे. असेल, तर नव्या झाकणातही ती असलीच पाहिजे. झडप दुहेरी असावी. म्हणजे पोकळी झाली तर हवा आत घेणारी आणि दाब वाढला तर बाहेर सोडणारी. गाडी कलंडली तर तिच्यातून डिझेलची धार लागता कामा नये. अपघातात सांडलेले डिझेल आगीला निमंत्रण देते, म्हणून इंधन टाक्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३४ व्या नियमावलीतही कलंडलेल्या टाकीतून होणाऱ्या गळतीला मिनिटाला ३० ग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे. रस्त्याकडेच्या टपरीवरील झाकण अशा कसोटीतून गेलेले असण्याची शक्यता कमीच.

धातूची निवड गाडी कुठे चालते यावर ठरवावी. लोखंडी मानेवर ॲल्युमिनियमचे झाकण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंजाने जखडते आणि मग ते हातोडी मारून उघडावे लागते. उरण, जयगड, रत्नागिरी या पट्ट्यात कायम असणाऱ्या गाड्यांना न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिकचे आवरण असलेले झाकण अधिक टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात मात्र हलके प्लॅस्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते आणि पहारीच्या एका फटक्यात तुटते.

वायसरच्या बाबतीत काटकसर करू नये. साधे नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचे तुकडे टाकीत गळतात. नायट्राइल रबराचा किंवा त्याहून वरच्या दर्जाचा वायसर घ्यावा. जुन्या ट्यूबचा कापून केलेला वायसर हा वाचवलेल्या वीस रुपयांच्या बदल्यात हजारोंचा खर्च ओढवून घेण्याचा प्रकार आहे.

कुलूप सर्वांत शेवटी पाहावे. किल्लीच्या भोकावर धुळीपासून आडोसा असावा. बंद असताना झाकणाचा वरचा भाग मोकळा फिरत राहणारी रचना चांगली, कारण त्यामुळे पाना लावून पीळ देता येत नाही. ताफ्यातील सर्व गाड्यांना एकच किल्ली लागणारी झाकणे घेण्याचा मोह टाळावा. एक किल्ली हरवली की सगळा ताफा उघडा पडतो.

झाकणासोबत टाकीच्या मानेत बसवायची नळीरोधक जाळी हा दुसरा अडसर. झाकण तुटले, तरी तिच्यातून नळी खाली डिझेलपर्यंत पोहोचत नाही. मात्र जाळीची छिद्रे फार बारीक असतील, तर पंपावर डिझेल भरताना फेस होऊन ते उलटे उसळते, पंप वारंवार बंद पडतो आणि कंटाळलेला चालक एके दिवशी जाळीच ठोकून काढतो. जाळी रोजच्या कामाला जाच होईल इतकी बारीक नको.

वेल्डिंगचा जीवघेणा मार्ग

झाकणाला कडी-कोयंडा लावून त्यात मोठे कुलूप अडकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्यासाठी टाकीच्या मानेवर लोखंडी कडी वेल्डिंगने जोडली जाते. हे काम अनेकदा टाकी न उतरवता, रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच होते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हा त्यामागचा समज. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. याचा अर्थ असा, की या तापमानाच्या पुढे डिझेलवर पेट घेण्याजोगी वाफ तयार होऊ शकते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात उन्हाळ्यात सावलीतील पाराच त्यापुढे असतो आणि वेल्डिंगच्या ज्योतीजवळचा पत्रा तर शेकडो अंश तापतो.

टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला, हाही भ्रमच. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. तळाशी उरलेले वाटीभर डिझेलही त्यासाठी पुरते. अशा टाकीचा स्फोट झाला, तर सर्वांत जवळ असतो तो पाना धरून बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा मदतनीस. वेल्डिंग अपरिहार्यच असेल, तर टाकी गाडीवरून उतरवून, धुऊन, वाफ पूर्णपणे काढून, माहीतगार कारागिराकडूनच ते करून घ्यावे. बहुतेक वेळा मात्र त्याची गरजच नसते. मानेभोवती बोल्टने आवळून बसवायची कडी मिळते आणि तिला ठिणगीचा स्पर्शही लागत नाही.

जाळी बसवताना मानेला भोके पाडून रिवेट मारण्यातही असाच छुपा धोका आहे. ड्रिलचा लोखंडी कीस टाकीत पडतो आणि पुढे पंपापर्यंत जातो. आतून फाकून घट्ट बसणाऱ्या जाळ्या म्हणूनच पसंत कराव्यात.

झाकण बसवताना प्रथम मानेची कड स्वच्छ पुसून तिच्यावर चेप किंवा कंगोरे आहेत का, ते पाहावे. कड वाकडी असेल तर उत्तम झाकणही गळणारच. वायसरला डिझेलचा हलका हात लावून झाकण बसवावे आणि हाताच्या जोरानेच आवळावे. पान्याने आवळलेल्या झाकणाचा वायसर चिरडतो. त्यानंतर पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून मानेभोवती ओल आली आहे का आणि झाकण उघडताना हवा खेचली जाते का, या दोन गोष्टी तपासाव्यात.

भारत स्टेज-६ च्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रावणाची निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. दोन्ही झाकणांची अदलाबदल होता कामा नये. निळे झाकण हरवले म्हणून तिथे काळे बसवले, तर एखाद्या पंपावर रात्रीच्या घाईत डिझेल युरियाच्या टाकीत आणि युरिया डिझेलच्या टाकीत जाण्याची वेळ येते. दोन्ही चुकांची दुरुस्ती अतिशय महागडी असते.

निगा : पाच मिनिटांचे काम

झाकणाची निगा राखायला विशेष कौशल्य लागत नाही, नियमितपणा लागतो. दर वेळी डिझेल भरण्याआधी झाकणाभोवतीची माती पुसावी. नाही तर ती झाकण फिरवताच आत पडते. महिन्यातून एकदा वायसर काढून तो कडक झाला आहे का, त्यावर चिरा आहेत का, हे बोटाने दाबून पाहावे. तो वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी बदलून टाकावा. श्वासाचे छिद्र चिखलाने बुजले असेल तर हवेच्या झोताने साफ करावे. त्यात तार घालू नये, झडप फाटते. कुलपात ग्रीस भरण्याची सवय सोडावी, कारण ग्रीसला धूळ चिकटून त्याची लापशी होते. ग्राफाइटची पूड किंवा पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. झाकणाला टाकीशी जोडणारी साखळी शाबूत ठेवावी. झाकण हरवण्याचे मुख्य कारण चोर नसून पंपावरचा विसर आहे, आणि विसरलेल्या झाकणाच्या जागी येते ती चिंधी. तिचे धागे फिल्टरमध्ये जातात, पाऊस तिच्यातून झिरपतो आणि अपघातात ती वातीचे काम करते.

पावसाळ्यात व हिवाळ्यात गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये. रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते. चोरीच्या भीतीने टाकी रिकामी ठेवायची की पाण्याच्या भीतीने भरलेली, असा पेच इथे पडतो. गाडी राखणीच्या जागी उभी असेल तर भरलेली आणि उघड्यावर असेल तर मोजकेच डिझेल ठेवून निघण्यापूर्वी पाणी-विलगकाचा निचरा करणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

पाच हजारांची रेषा

इतके सारे करूनही एक मर्यादा मान्य करावी लागते. उत्तम झाकण आणि जाळी चोराला टाकीच्या तोंडापाशी अडवतात. तळाचा निचऱ्याचा बोल्ट आणि इंधनाच्या नळ्या त्याला उघड्याच असतात. झाकण चोरी अशक्य करीत नाही, ते तिला लागणारा वेळ वाढवते. दीड मिनिटाचे काम दहा मिनिटांवर नेते. त्या दहा मिनिटांत कोणी पाहणारे, हटकणारे आणि नंतर दाद घेणारे असेल, तरच या वेळेला किंमत. म्हणून झाकणाचा प्रश्न अखेर पोलीस ठाण्याच्या दारात येऊन थांबतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीची शिक्षा सांगताना एक सवलत दिली आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल अथवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. शिवाय पाच हजारांखालील अशी चोरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र व जामीनपात्र ठरवली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. पोटासाठी केलेल्या भुरट्या चोरीला तुरुंग नको, हा त्यामागचा विचार मानवी आहे. पण नव्वद रुपये लिटरच्या हिशेबाने पाच हजारांची ही रेषा ५५ लिटरवर येते. महामार्गावरील नेहमीची डिझेल चोरी नेमकी याच रेषेच्या आसपास घुटमळते. परगावच्या गाडीचा चालक तक्रार द्यायला गेला, तर नोंद घेऊन त्याची बोळवण होण्यास कायद्यानेच वाट करून दिली आहे.

तथापि, त्याच संहितेत दुसरी तरतूदही आहे आणि वाहतूकदारांनी ती मुखोद्गत करावी अशी आहे. कलम ३०५ नुसार माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून कोणतीही वस्तू चोरणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे पाच हजारांची अट नाही. मालमोटारीच्या टाकीतील डिझेल ही वाहनातील वस्तूच आहे, असे म्हणण्यास या कलमाच्या शब्दयोजनेत पुरेसा आधार दिसतो. तक्रार कलम ३०३ खाली नोंदवायची की ३०५ खाली, यावर तपास होणार की नाही हे ठरणार असेल, तर तो निर्णय ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोडणे योग्य नव्हे. राज्याच्या गृह विभागाने त्याबाबत स्पष्ट सूचना काढावयास हवी.

चोरी वाशीमजवळ झाली आणि ध्यानात आली पुण्यात, ही मालमोटारीच्या बाबतीतली नेहमीची अडचण. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येईल, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आता स्पष्ट केले आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कळवून तीन दिवसांत स्वाक्षरी करण्याची मुभाही आहे. रस्त्यावरच्या माणसासाठी ही तरतूद मोलाची आहे. ती चालकांपर्यंत पोहोचली पाहिजे.

चोरापेक्षा महत्त्वाचा आहे तो चोरीचे डिझेल विकत घेणारा. चार कॅन डिझेल कोणी घरात साठवत नाही. ते त्याच परिसरात कोणाच्या तरी ड्रममध्ये जाते. चोरीचा माल घेणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत आणि तोच धंदा करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पेट्रोल-डिझेलचा पुरवठा व वितरण यांतील गैरप्रकार रोखण्यासाठी २००५ पासून केंद्राचा आदेशही अस्तित्वात आहे. इंधनाच्या काळ्या बाजाराकडे कानाडोळा केल्यास तो कुठवर जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधन भेसळीचा प्रकार रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर काही काळ छाप्यांचा धडाका झाला. पुढे तो ओसरला.

भुर्दंड चालकाच्या माथी

पोलिसांकडे नोंद झाली नाही, विम्यातून काही मिळाले नाही, तर पन्नास लिटरचे पैसे शेवटी कोण भरतो? अनेक ठिकाणी उत्तर एकच असते : चालक. खेपेला इतके डिझेल, असा ठोक हिशेब ठरलेला असतो आणि कमी भरलेले लिटर त्याच्या पगारातून किंवा भत्त्यातून वळते होतात. काही चालक स्वतःच डिझेल विकतात, ही मालकांची तक्रार निराधार नाही. परंतु त्या संशयाची झळ सगळ्यांनाच लागते. झोपेत लुटला गेलेला आणि स्वतः विकणारा, या दोघांत फरक करण्याचे साधनच मालकापाशी नसते.

वेतनविषयक कायदा इथे गप्प नाही. १९३६ च्या जुन्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे, की कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळेच नुकसान झाले असेल तर आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच कपात करता येते. दोन-चार गाड्यांच्या व्यवसायात ही प्रक्रिया पाळली जाते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या ठिकाणी तंत्रज्ञानाची मदत होऊ शकते. टाकीत बसवलेला इंधन मापक आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र यांच्या जोडीने डिझेलची पातळी कधी, कुठे आणि किती वेगाने उतरली, याची नोंद राहते. पहाटे तीन वाजता, इंजिन बंद असताना, दोन मिनिटांत पन्नास लिटर उतरले तर चोरीची वेळ आणि जागा कळते. तीच नोंद पोलिसांना तपासाची दिशा देते. इंजिनाची किल्ली मालकाच्या विश्वासाने चालकाकडे असते. टाकीच्या झाकणाची किल्लीही त्याच्याकडेच असावी आणि तिच्याबरोबर ही नोंद पाहण्याचा हक्कही. केवळ चालकावर नजर ठेवण्यासाठी बसवलेले यंत्र तो पहिल्या संधीला नादुरुस्त करतो. स्वतःचा बचाव त्यात दिसला, तर तोच त्याची काळजी घेईल.

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू शकतो. पण पहाटे दारात येणारे दूध, मंडईतला कांदा आणि शेजारच्या बांधकामावरचे सिमेंट यांच्या भाड्यात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि चोरीला गेलेल्या लिटरांची किंमत कुठे ना कुठे वसूल होतेच. मालकांनी झाकण नीट पारखून घ्यावे, गॅरेजवाल्यांनी टाकीवर ठिणगी पाडू नये, चालकांनी वायसर तपासावा. हे ज्याचे त्याने करायचे काम आहे. पहारा असलेले वाहनतळ, कलम ३०५ खालील तक्रारींची विनासायास नोंद आणि चोरीच्या डिझेलच्या खरेदीदारांवर सातत्याची कारवाई, हे मात्र शासनाने करायचे काम आहे. नवे झाकण चोराचा दीड मिनिटाचा डाव दहा मिनिटांवर नेईल. त्या दहा मिनिटांत तिथे कोणी पोहोचणार आहे का, याचे उत्तर टाकीच्या झाकणाकडे नाही. ते गृह आणि परिवहन या दोन खात्यांनी द्यायचे आहे.